कारखाना बंद, रसायन चालू

चेन्नईच्या उत्तरेला मणली आहे. तेलशुद्धीकरण, खतं, पेट्रोकेमिकल असे कारखाने तिथे एकमेकांना खेटून उभे आहेत आणि त्यांच्या कुंपणापलीकडे लगेच वस्ती. 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली, माणसं घरी बसली. टाक्यांमधल्या रसायनांना मात्र घरी बसवता येत नाही. साठवलेलं रसायन निपचित पडून असतं, ही आपली समजूत त्या वर्षाने पार खोटी ठरवली.

स्टायरीनचंच बघा. प्लॅस्टिकचा हा पातळ, रंगहीन कच्चा माल. त्याचे रेणू एकमेकांचे हात धरून साखळी करायला टपलेले असतात. प्रत्येक नव्या कडीबरोबर थोडी उष्णता बाहेर पडते, आणि उष्णता वाढली की कड्या आणखी भराभर जुळतात. हे थोपवायला टीबीसी नावाचं रोधक द्रव्य मिसळतात, तेही दहा लाख भागांत जेमतेम दहा-पंधरा भाग! त्याहून नवल म्हणजे या रोधकाला काम करायला द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. म्हणून टाकी गार ठेवायची, द्रव फिरता ठेवायचा, रोधक किती उरलंय ते तपासत राहायचं. कारखाना बंद असला तरी यातलं एकही काम बंद ठेवता येत नाही.

विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समध्ये नेमकं तिथेच बिनसलं. एका टाकीत सुमारे 1800 टन स्टायरीन टाळेबंदीत पडून होतं. तापमापक टाकीच्या तळाशी होता, तापत होते वरचे थर. 7 मे 2020 ला पहाटे तीनच्या सुमारास वाफ उसळली. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत झोपलेल्या वस्तीत शिरली. बारा माणसं गेली. भोंगा वाजलाच नाही, असं चौकशीत आढळलं. त्याच दिवशी चेन्नईच्या दक्षिणेला नेयवेलीच्या वीजकेंद्रात बॉयलर फुटला.

दोनच दिवसांत, 9 मे रोजी, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कारखाने पुन्हा सुरू करण्याच्या सूचना काढल्या. पहिला आठवडा चाचणीचा समजा, उत्पादनाच्या मागे लागू नका, असं त्यांत बजावलं होतं. शिवाय कामगारांनी विचित्र आवाज, कंपनं, धूर, गळती आणि वेगळा वास यांवर लक्ष ठेवावं, असंही होतं.

वास! मला या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. यंत्रं कितीही असोत, अमोनियाची बारीक गळती पुष्कळदा आधी कामगाराच्या नाकालाच कळते. घरच्या गॅसला तर मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. आणि कोरोनाचा विषाणू घाला घालत होता तो याच इंद्रियावर. 13 जून 2020 ला आरोग्य मंत्रालयाने वास जाणं हे लक्षणांच्या यादीत घेतलं. म्हणजे बाकी ठणठणीत दिसणाऱ्या माणसाचं नाक बंद पडलेलं असू शकत होतं. तोंडावरचा एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. हातावरच्या सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलची वाफ वीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते, आणि चेन्नईचा मे महिना चाळिशीला टेकतो. रोगापासून वाचवणारी साधनं कारखान्यात शिरताना पुन्हा पारखून घ्यावी लागतात, ती म्हणूनच.

मणलीची खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. 4 तारखेला बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या 2750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. लगोलग कळलं की मणलीच्या कंटेनर गोदामातही 2015 साली सीमाशुल्क खात्याने जप्त केलेलं तेच रसायन आहे, 37 कंटेनरांत, सुमारे 700 टन. हा क्षार स्वतः जळत नाही, तो दुसऱ्याच्या आगीला ऑक्सिजन पुरवतो. कोंडलेल्या जागी खूप तापला तर मात्र स्वतःच फुटतो. साथ ऐन भरात असताना, त्याच महिन्यात तो रस्त्याने हैदराबादकडे हलवायला सुरुवात झाली. पाच वर्षं रेंगाळलेलं काम काही दिवसांत मार्गी लागलं.

तारापूर, रसायनी, लोटे परशुराम इथल्या वाचकांना एक विनंती. घातक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने तो धोका कोणता आणि अपघात झाल्यास काय करायचं हे आसपासच्या रहिवाशांना सांगणं बंधनकारक आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, तर पुढची साथ येण्याआधी जाऊन विचारा.