गाठ निघाली म्हणून पिशवीच काढायची?

“मुलं झाली ना? मग आता पिशवी हवी कशाला? काढून टाक, सुटशील!” गर्भाशयात गाठ निघाली की शेजारणीपासून सासूबाईंपर्यंत सगळ्या हेच सांगतात. पण भगिनींनो, जरा थांबा. बीडच्या कितीतरी ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या गेल्याचं २०१९ साली उघड झालं, ते आठवा.

या गाठी, म्हणजे फायब्रॉईड, सहसा कर्करोगाच्या नसतात. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. पाळी गेल्यावर त्या बहुधा आकसतात.

पाळीत फार जात असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. (नेहमीची तांबी नव्हे हं, तिने जास्तच जातं!) आतल्या पोकळीत आलेली गाठ दुर्बिणीने खालूनच, पोटाला टाका न घालता काढता येते. इतर गाठी दुर्बिणीने किंवा पोट उघडून काढून पिशवी राखतात. मूल हवं असेल तर बहुधा हाच मार्ग. मात्र पुढे नव्या गाठी होऊ शकतात. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याचा उपायही १९९५ पासून माहीत आहे.

कधी पिशवी काढावीच लागते. पण आधी डॉक्टरांना विचारा : गाठ कुठे, केवढी? दुसरा उपाय कोणता? शंका वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही अंगावर काढू नका!