वारकऱ्यांचा अर्धा ‘र’ संगणकात का हरवतो?

सोलापूर : आषाढी एकादशी जवळ आली, की पंढरपूरच्या बातम्यांत ‘वारकऱ्यांची’, ‘वारकऱ्यांना’ ही रूपे ओळीओळीतून येऊ लागतात. हाच शब्द संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र अनेकदा ‘वारकर्यांना’ असा उमटलेला दिसतो. टंकलेखकाचे दुर्लक्ष, असे म्हणून वाचक पुढे जातो. प्रत्यक्षात लिहिणाऱ्याने शब्द अचूक टंकलेला असतानाही वाटेत अक्षर बदलू शकते. शेतकऱ्यांचा ऊस, व्यापाऱ्यांचा कांदा, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, गावाकडचे गुऱ्हाळ या साऱ्यांना लागणारा हा आडवा अर्धा ‘र’ मराठी लेखनात नित्याचा आहे. त्यामुळे तो का निसटतो, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

एका रेघेने अर्थ पालटतो

‘आचार्यांना मानधन दिले’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ या दोन वाक्यांत पैसे वेगवेगळ्या माणसांच्या हाती जातात. पहिल्यात ते विद्वानाला मिळतात, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. रफारामुळे आधीच्या अक्षरावर आघात येतो, अर्ध्या ‘र’मुळे येत नाही. म्हणजे हा फरक उच्चारातलाही आहे, केवळ वळणाचा नाही.

एक आकार, दोन संकेत

संगणक अक्षर साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोड प्रमाणकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवलेल्या आहेत. जोडाक्षरांना मात्र स्वतंत्र क्रमांक नाहीत. मूळ वर्ण आणि हलन्त यांच्या क्रमावरून संगणक ती पडद्यावर रचतो.

साधा र, हलन्त आणि य असा क्रम दिला, की रफार मिळतो. आडवा अर्धा ‘र’ हवा असेल, तर नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्यापुढे हलन्त व य द्यावा लागतो. हा पहिला आणि भरवशाचा मार्ग. दुसऱ्या मार्गात साधा र आणि हलन्त यांच्यानंतर रुंदी नसलेले, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी, म्हणून युनिकोडने हाही मार्ग कायम ठेवला आहे.

अडचण येथूनच सुरू होते. दोन्ही मार्गांनी लिहिलेला शब्द पडद्यावर एकसारखा दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. यादीत ‘कऱ्हाडे’ हे आडनाव एका पद्धतीने नोंदवलेले असेल आणि शोधणारा दुसरी पद्धत वापरत असेल, तर साधी शोधप्रणाली ‘नोंद आढळली नाही’ असे सांगून मोकळी होते. नाव असते, तरीही माणूस सापडत नाही.

दुसऱ्या मार्गाला आणखी एक धोका आहे. फसवी नावे रोखण्यासाठी अनेक प्रणाली मजकुरातील अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकतात. त्यांत हे जोडचिन्हही जाते आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. इंटरनेटवरील पत्त्यांसाठी २००३ मध्ये झालेल्या नियमांत तर हे चिन्ह गाळण्याचीच तरतूद होती.

द्राविडी अक्षराची मदत

तेलुगू, कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी नांदणाऱ्या सोलापूरला एक योगायोग विशेष वाटावा. आपल्या वारकऱ्यांना आधार देणारा हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये मुळात द्राविडी भाषांतील कठोर र देवनागरीत लिहिता यावा, यासाठी आला. तमिळ व मल्याळममध्ये तो वर्ण आजही प्रचलित आहे. तेलुगूच्या जुन्या लेखनात तो ‘बंडी र’ म्हणून ओळखला जातो, जुन्या कन्नडातही होता. त्याचेच अर्धे रूप मराठीच्या कामी आले.

‘ॲ’ला लागलेला विलंब

‘ॲड.’, ‘ॲप’ यांतील ‘ॲ’ या मराठी स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हा ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना तिच्यात स्थान मिळाले. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जात होते. तसा मजकूर आजही जागोजागी आहे आणि शोधताना तोही वेगळाच ठरतो.

मजकूर आणि सूचना

जोडचिन्ह ही खरे तर मजकुरात मिसळलेली सूचनाच होय. पडद्यावर ठळक अक्षर, परिच्छेद किंवा दुवा दाखवण्यासाठी वापरली जाणारी खुणांची भाषाही याच तत्त्वावर चालते. कोनी कंसात लिहिलेले सारे ती आज्ञा समजते. म्हणून कोणी ‘पेक्षा लहान’ दाखवण्यासाठी < हे चिन्ह टंकले, तर काही वेळा पुढचे शब्दच अदृश्य होतात. & हे चिन्हही अशाच सांकेतिक आज्ञेची सुरुवात मानले जाते. त्यावरचा उपाय म्हणजे मजकूर दाखवताना ही चिन्हे सांकेतिक रूपात बदलणे. ते काम प्रणाली तयार करणाऱ्याचे आहे, लिहिणाऱ्याचे नव्हे. ते न झाल्यास परक्याने पेरलेली आज्ञा वाचकाच्या संगणकावर चालण्याचा धोका असतो. मात्र त्यासाठी अक्षरांवरच चाळणी लावली, की मराठीचे नुकसान होते.

दोष कसा ओळखावा?

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर बहुधा फक्त योग्य टंक उपलब्ध नसतो, मजकूर सुरक्षित असतो. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन:पुन्हा दिसला, तर मजकूर चुकीच्या सांकेतिक पद्धतीने वाचला जात आहे, असे समजावे. आज रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन तुकड्यांत साठवला जातो आणि ते तुकडे सुटे वाचले गेल्याचे हे लक्षण. हा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो. साठवलेल्या मजकुरातच प्रश्नचिन्हांची रांग असेल, तर मूळ अक्षरे सहसा कायमची गेलेली असतात.

इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘जे’च्या कळीवर र आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली, की ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर ‘डी’च्या कळीने हलन्त देऊन य टंकावा. भ्रमणध्वनीच्या कळफलकावर ‘ऱ’ स्वतंत्र मिळत असेल, तर तोच वापरावा. नोंदणी अर्ज आणि याद्या तयार करणाऱ्यांनी दोन्ही पद्धतींची रूपे एकच मानणारी शोधप्रणाली द्यायला हवी. कामावर घेण्यापूर्वी त्यांनी तिच्यात ‘वारकऱ्यांना’ हा एक शब्द दोन्ही पद्धतींनी टंकून पाहावा. तो साठवून पुन्हा उघडल्यावर जसाच्या तसा दिसला आणि शोधल्यावर दोन्ही रूपांत सापडला, तर पुढे गोऱ्हे, कऱ्हाडे यांची नावेही सुखरूप राहतील.