कॉलेजांत गेल्यावर श्रद्धा कशी टिकते?

जून महिना उजाडला कीं नांदगांवच्या स्टेशनावर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. आमच्या गांवचीं मुलें उच्च शिक्षणासाठीं बाहेर पडतात. कोणी नाशिकला वा मुंबईला जावयाचा असतो, तर कोणी मनमाडास गाडी बदलून नगर-पुण्याकडे. आई शिदोरीची पुरचुंडी हातीं देते, वडील पैशांविषयीं दोन शब्द सांगतात, आणि गाडी हलली म्हणजे उभयतांच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो, तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. मूल शिकून परत येईल. पण आपण दिलेली श्रद्धा त्याच्याबरोबर परत येईल काय? ख्रिस्ती कुटुंबांतील या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. इतर धर्मांच्या वाचकांसहि तो परका वाटूं नये. कारण घर सोडून जाणाऱ्या मुलाची काळजी सर्व आईबापांना सारखीच असते.

श्रद्धा डळमळते ती कां? पुष्कळांची समजूत अशी कीं, शास्त्राचीं पुस्तकें वाचून मुलें नास्तिक होतात. हें कांहीं अंशीं खरें असेल. परंतु बहुधा श्रद्धा वादविवादांत हरत नाहीं, ती उपासमारीनें क्षीण होते. घरीं असतां आई पहांटे उठवीत असे, जेवणापूर्वीं वडील देवाचे आभार मानीत, रविवारीं उपासनेची घंटा ऐकूं येई. वसतिगृहांत यांपैकीं कांहींच नसतें. पहिल्या रविवारीं झोप लागते, दुसऱ्या रविवारीं क्रिकेटचा सामना असतो, तिसऱ्या रविवारीं कपडे धुवावयाचे असतात. आणि चौथ्या रविवारीं आपण कोठें जात होतों याचीहि आठवण राहत नाहीं. मग एखाद्या मित्रानें धर्माविषयीं प्रश्न विचारला, तर उत्तर देणारें मन आधींच रिकामें झालेलें असतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. घरची श्रद्धा ही वडिलांच्या अंगरख्यासारखी असते. लहानपणीं तो पांघरून ऊब मिळते. मोठेपणीं मात्र तो उसवून आपल्या मापाचा शिवून घ्यावा लागतो. कॉलेजांत पडणारे प्रश्न म्हणजे ही उसवण होय. त्यांत पाप कांहीं नाहीं. धोका आहे तो त्या प्रश्नांसह एकटें पडण्यांत.

याविषयीं इतिहासांत एक नवलाची गोष्ट आढळते. सन १८०६ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत विल्यम्स कॉलेजचे पांच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेसाठीं जमले होते. एकाएकीं वादळ उठलें, तेव्हां त्यांनीं गवताच्या एका गंजीच्या आडोशास आश्रय घेतला आणि तेथेंच आशिया खंडांतील लोकांसाठीं प्रार्थना केली. त्यांच्यापाशीं पैसा नव्हता कीं अधिकार नव्हता. परंतु त्या लहानशा मेळाव्यांतून जी चळवळ निघाली, तिच्यामुळें १८१० सालीं अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या मिशनऱ्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. हॉल हे त्याच विल्यम्स कॉलेजचे पदवीधर होते. अमेरिकन मराठी मिशन, १८४२ सालीं नगरास सुरू झालेलें 'ज्ञानोदय' पत्र, नगर जिल्ह्यांतील मिशनच्या शाळा, या सर्वांचें मूळ शोधीत गेलें असतां त्या गंजीपाशीं जाऊन पोंचावें लागतें.

आपल्या नाशिक जिल्ह्याचाहि या कथेशीं संबंध आहे. १८२६ च्या मार्च महिन्यांत गॉर्डन हॉल नाशिकला आले, त्या वेळीं तेथें पटकीची सांथ चालू होती. जवळचीं औषधें त्यांनीं रोग्यांस वाटलीं, आणि परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःसच तो रोग जडून २० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. वयाचीं बेचाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. विद्यार्थिदशेंत दृढ झालेली श्रद्धा पुढें अशा प्रसंगीं कसोटीस उतरली.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण पाहावयाचें तर बाबा पद्मनजी (१८३१–१९०६) यांचें पाहावें. बेळगांवचा हा तरुण मुंबईस मिशनच्या विद्यालयांत शिकत असतां त्याच्या मनांत धर्माविषयीं मोठी खळबळ उडाली. जातिभेद मोडूं पाहणाऱ्या परमहंस मंडळींत तो मिसळला. त्यानें वाचन केलें, विचार केला, आणि अखेर १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला. पुढें विधवांच्या दुःस्थितीवर 'यमुनापर्यटन' (१८५७) हें पुस्तक लिहून त्यांनीं मराठी कादंबरीचा पाया घातला. मनांतील प्रश्न त्यांनीं दडपून ठेवले नाहींत. म्हणूनच त्यांतून निघालेली श्रद्धा त्यांस पन्नास वर्षें पुरली.

विद्यार्थ्यांस अशी सोबत मिळावी म्हणून पुढें संस्था निघाल्या. १८९५ सालीं स्वीडन देशांत व्हाडस्टेना येथें विद्यार्थ्यांचा जागतिक ख्रिस्ती संघ स्थापन झाला. भारतांत १९१२ सालीं स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट, आणि १९५४ सालीं युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया या संस्था उदयास आल्या. दुसऱ्या संस्थेच्या धुरीणांत मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक एच. ईनॉक हे होते. शास्त्र शिकविणारा मनुष्य प्रार्थनेसहि बसतो, हें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे विद्यार्थ्याची निम्मी भीति नाहींशी होते.

या मंडळ्यांची कामाची रीत अगदीं साधी असते. आठवड्यांतून एकदां पांचदहा विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलींत किंवा एखाद्या घरीं जमतात. पवित्र शास्त्रांतील एक उतारा वाचतात. त्याचा अर्थ काय, हें प्रत्येकजण आपल्या शब्दांत सांगतो. शंका असेल तर विचारतो. आणि शेवटीं सर्व एकमेकांसाठीं प्रार्थना करतात. पुढारीपण विद्यार्थ्यांकडेच असतें. पदवीधर व प्राध्यापक पाठीशीं उभे राहतात. यासाठीं मुंबईचें विल्सन कॉलेज किंवा डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं १९४७ सालीं स्थापिलेलें अहमदनगर कॉलेज, अशाच ख्रिस्ती विद्यालयांत जागा मिळाली पाहिजे असें नाहीं. कोणत्याहि कॉलेजांत दोघे-तिघे एकत्र आले कीं काम सुरू होतें.

येथें प्रभूच्या शिष्यांपैकीं थोमाची आठवण होते. पुनरुत्थानाची वार्ता ऐकून त्यानें स्पष्ट सांगितलें, स्वतः पाहिल्यावांचून मी मानणार नाहीं. इतर शिष्यांनीं त्याला घराबाहेर घालविलें नाहीं, आणि तोहि रुसून निघून गेला नाहीं. आठ दिवसांनीं प्रभु आला, तेव्हां थोमा त्यांच्यांतच बसलेला होता. शंका असतांहि तो मंडळींत राहिला, म्हणूनच त्याला उत्तर मिळालें.

विद्यार्थिमित्रहो, यावरून इतकेंच घ्या. नव्या गांवीं पोंचल्यावर पहिल्याच आठवड्यांत तेथील मंडळी व आपल्यासारखे दोन सोबती शोधून काढा. महिन्यानंतर शोधूं म्हणाल, तर शोधण्याची इच्छाच उरणार नाहीं. रोज दहा मिनिटें वाचन व प्रार्थना यांसाठीं राखा, आणि तेवढा वेळ मोबाईल दूर ठेवा. भिन्न धर्माच्या मित्राशीं आदरानें वागा. त्याच्या चांगुलपणानें तुमची श्रद्धा धोक्यांत येत नाहीं. प्रश्न पडला तर तो विचारा.

आणि पालकहो, तुमच्याहि वांट्यास एक काम आहे. एखाद्या दिवशीं मुलगा किंवा मुलगी कळवील कीं, आतां मला प्रार्थना करवत नाहीं. तें शब्द वाचून तुमच्या हृदयाचें पाणी होईल. परंतु रागानें उत्तर पाठवाल, तर पुढलें पत्र केवळ पैशांविषयीं येईल. त्यापेक्षां इतकेंच लिहा: तुला प्रार्थना करवत नसेल, तर आम्ही तुझ्यासाठीं करीत आहों, तूं फक्त मंडळींत जाऊन बसत जा. असें पत्र ज्याच्या उशाशीं आहे, तो फार दूर जात नाहीं. दिवाळीच्या सुटींत तो नांदगांवच्या स्टेशनावर उतरेल, तेव्हां त्याच्या ट्रंकेबरोबर कांहीं अनुत्तरित प्रश्नहि उतरतील. दोहोंनाहि घरांत जागा करून ठेवावी.