बॉक्स स्क्वॉट: जड दिवस आणि हलका दिवस

मघाशी एकांनी विचारलं, बॉक्सवर बसायचंच असेल तर स्क्वॉट सोपाच झाला की! हा गैरसमज आधी काढून टाकू. साध्या स्क्वॉटमध्ये खाली जाताना स्नायू ताणले जातात आणि त्या ताणाच्या उसळीवर आपण वर येतो. तालमीतल्या भरभर मारलेल्या बैठकाही याच लयीवर चालतात. बॉक्सवर क्षणभर थांबलं, की ती उसळी बरीचशी जाते. बसल्या जागेवरून बार नव्याने हलवावा लागतो.

1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या वेस्टसाइड क्लबात हा प्रकार चालायचा. पुढे ओहायोतल्या कोलंबसमध्ये लुई सिमन्स यांनी पायांच्या व्यायामाचे आठवड्यात दोन दिवस केले. एक जड, एक हलका, मध्ये साधारण 72 तास.

जड दिवसाचं फार सांगायला नको. एकदाच उचलता येईल अशा वजनापर्यंत चढत जायचं. फक्त बॉक्सची उंची किंवा बारचा प्रकार बदलत राहायचा.

चूक होते ती हलक्या दिवशी. समजा, बॉक्सवर तुमचं कमाल वजन 120 किलो आहे. मग पहिल्या आठवड्यात 60, दुसऱ्यात 66, तिसऱ्यात 72, आणि चौथ्यात परत 60. दोन-दोन रेपचे 10 ते 12 सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती. किरकोळ वाटतं ना? पण प्रत्येक रेप जीव खाऊन, वेगाने वर आणायचा. शाळेत शिकलोय आपण, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जड दिवशी वस्तुमान वाढवतो, हलक्या दिवशी त्वरण. 60 किलो रमतगमत उचलले तर हाती काहीच लागत नाही. आणि शेजारचा बघतोय म्हणून 95 लावले, तर वेग जातो, शिवाय पुढच्या जड दिवसाला पाय थकलेलेच येतात.

आता धोका. बॉक्सवर धपकन आदळू नका, वजन कितीही असो. वर बार, खाली लाकूड, मध्ये तुमचा कणा! नितंब मागे नेत, सावकाश टेका. पोट घट्टच ठेवा, पाय जमिनीत रोवलेले. बसल्यावर मागेपुढे झुलून वर येऊ नका. शेवटचे काही इंच ताबा सुटून आदळायला होत असेल, तर वजन उतरवा. तरीही तेच होत असेल, तर बॉक्सवर एक रबरी चटई टाकून उंची वाढवा आणि मांड्या जमिनीला समांतर होतील तिथपर्यंत काही आठवड्यांत खाली या.