नाव नको, माप घ्या: जुन्या सिकल बार मोअरविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिकल बार मोअर दिसायला अवघड, पण त्यामागची कल्पना साधी आहे. एका लांब लोखंडी पट्टीवर त्रिकोणी पाती ओळीने रिवेट केलेली असतात आणि ही पट्टी जमिनीलगत डावी-उजवीकडे झरझर सरकते. पट्टीच्या वाटेवर पुढे निघालेली स्थिर बोटे असतात, त्यांना गार्ड म्हणतात. प्रत्येक गार्डमध्ये लेजर प्लेट नावाचा पोलादी तुकडा बसवलेला असतो. सरकते पाते आणि ही स्थिर प्लेट मिळून कात्रीसारखे काम करतात. अमेरिकेत ओबेड हसी यांनी १८३३ मध्ये आणि सायरस मॅकॉर्मिक यांनी १८३४ मध्ये कापणी यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून कापण्याचे हे तत्त्व फारसे बदललेले नाही. सोयाबीन आणि गव्हाच्या हंगामात आपल्याकडे येणाऱ्या कम्बाइन हार्वेस्टरच्या तोंडाशीही अशीच पट्टी असते.

तरीही अमेरिकेतल्या शेतांवर धडधाकट जुने मोअर भंगारात जातात, आणि कारण बहुतेक वेळा एकच सांगितले जाते: ‘कंपनी बंद झाली, आता भाग मिळत नाहीत.’ हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. मिनियापोलिसच्या जारी कंपनीचे मागे चालत चालवायचे मोअर घ्या, नाहीतर वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबार गावी जन्मलेला ग्रेव्हलीचा दोन चाकी ट्रॅक्टर घ्या. यंत्रावरचे नाव पुसट झाले असेल, पण झिजणारे भाग मापाने ओळखता येतात. बहुतेक अमेरिकी मोअरमध्ये पात्याची रुंदी तीन इंच, म्हणजे ७६.२ मिलिमीटर असते आणि गार्डही तेवढ्याच अंतरावर असतात. अशी पाती, गार्ड आणि रिवेट आजही बनतात. दुकानात जाताना मॉडेलचे नाव नसले तरी चालेल, पण पात्याची रुंदी, उंची, दोन भोकांमधले अंतर आणि भोकाचा व्यास कागदावर हवा. काही यंत्रे या मापात बसत नाहीत, म्हणून आधी मोजायचे आणि मगच मागवायचे. आपल्याकडे कुणाजवळ जुना रीपर असेल, तर कम्बाइनचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात जुने पाते घेऊन जावे. माप जुळण्याची शक्यता चांगली असते.

पाती बदलायला कारखाना लागत नाही. पट्टीची कड व्हाइसच्या जबड्यावर टेकवायची, पाते मोकळे राहू द्यायचे आणि पात्याच्या मागच्या कडेवर हातोड्याचा नेमका घाव घालायचा. दोन्ही रिवेट कातरले जातात आणि पाते गळून पडते. उरलेले तुकडे पंचने काढायचे. नवे रिवेट मऊ लोखंडाचे असतात, ते थंडच ठोकून बसतात. पाती निवडताना मात्र ‘दातेरी तेच चांगले’ असे समजू नये. ओल्या, बारीक गवताला गुळगुळीत धारेचे पाते बरे, तर वाळलेल्या, जाड देठाला दातेरी.

दुसरा गैरसमज अटॅचमेंटचा. ‘बोल्टची भोके जुळली म्हणजे अटॅचमेंट बसली.’ बसली असेल, पण ती चालेलच असे नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओचे, म्हणजे अटॅचमेंटला शक्ती पुरवणाऱ्या शाफ्टचे, रूढ प्रमाण मिनिटाला ५४० फेरे असे आहे, आणि मागून पाहिले तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पण १९४७ मध्ये बाजारात आलेल्या फार्मॉल कब या छोट्या ट्रॅक्टरचा पीटीओ इंजिनच्याच गतीने, मिनिटाला दीड हजाराच्या वर फिरतो, तोही उलट दिशेने. ५४० साठी घडवलेला मोअर त्याला थेट जोडला तर क्रँक आणि बेअरिंग तिप्पट वेगाने झोडपले जातील. गोल फिरणाऱ्या पात्याची अटॅचमेंट जोडली तर पाते उलटे फिरून बोथट बाजूने गवत झोडत राहील. यासाठी गती उतरवणारा आणि दिशा फिरवणारा गिअर अडॅप्टर लागतो. म्हणून जुनी अटॅचमेंट घेण्यापूर्वी फेरे, दिशा आणि शाफ्टचे दाते या तीन गोष्टी विचाराव्यात. रंग आणि स्टिकर नंतर पाहावे.

आता पिटमन. क्रँकचे गोल फिरणे पट्टीच्या सरकण्यात बदलणारा हा दांडा अनेक जुन्या मोअरमध्ये लाकडी असतो. त्यामुळे नवा मालक म्हणतो, ‘हा जुन्या काळचा जुगाड, लोखंडी टाकू.’ हा जुगाड नाही, विचारपूर्वक केलेली योजना आहे. हिकरी किंवा ॲशचे लाकूड धक्का पचवते, आणि पट्टी दगडावर अडकली तर आधी स्वतः मोडते. मूळ रचना लाकडाची असेल तिथे लोखंडी दांडा टाकला, तर तो धक्का पट्टीच्या टोकाकडे किंवा क्रँककडे जातो आणि खर्च कितीतरी वाढतो. लाकडी पिटमन घरी करता येतो. अट एवढीच की लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात, मध्ये गाठ नको. सह्याद्रीच्या पट्ट्यात कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धामणीचे लाकूड का निवडतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा मुद्दा वेगळा समजावावा लागत नाही.

लांबी मात्र भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत, अचूक हवी. इंजिन बंद ठेवून क्रँक हाताने फिरवा. पट्टी दोन्ही टोकांना पोहोचते तेव्हा पात्याचे टोक गार्डच्या मध्यावर थांबले पाहिजे. एकीकडे पुढे आणि दुसरीकडे मागे राहत असेल, तर पिटमनच्या लांबीत किंवा बारच्या, म्हणजे गार्ड बसवलेल्या स्थिर पट्टीच्या, जागेत फरक आहे. ‘गवत कापत नाही, धार लावा’ असे म्हणत पाती घासत बसणाऱ्यांनी आधी हे तपासावे. लेजर प्लेटच्या कडा गोल झाल्या असतील, तर नवी कोरी पातीसुद्धा गवत नुसते चावतील.

पुष्कळांना बार वाकडा वाटतो, कारण त्याचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा थोडे पुढे असते. ते मुद्दाम ठेवलेले असते. सात फुटी बारला हा पुढावा सुमारे दोन इंच, म्हणजे मीटरला साधारण दोन सेंटिमीटर. काम करताना गवताचा रेटा बाहेरचे टोक मागे ढकलतो, तेव्हा पट्टी आणि पिटमन एका रेषेत येतात. बार ‘सरळ’ करून वेल्डिंग मारले की पट्टीच्या टोकाशी सतत पीळ पडतो. वाकडे झालेले जुने मॅलिएबल लोखंडाचे गार्ड हातोड्याने थंड ठोकून सरळ होतात. त्यांना वेल्डिंगची उष्णता दिली की ते तिथेच ठिसूळ होतात.

घरी करण्याजोगी सर्वांत सोपी अटॅचमेंट म्हणजे ग्रास बोर्ड. बाहेरच्या टोकाला तिरकी लावलेली फळी आणि तिला एक काठी. कापलेले गवत ती आत ढकलते, त्यामुळे पुढच्या फेरीत आतल्या टोकाला मोकळी वाट मिळते. ती नसली की कापलेल्याच गवतात बार पुन्हा पुन्हा गुंततो. आणि गुंतलेले गवत काढताना आधी इंजिन बंद करायचे, मग हात घालायचा. पीटीओ सोडल्यावरही फिरते वजन क्षणभर पट्टी सरकवत राहते, आणि बोट कापायला तो क्षण पुरतो.

जुना बार नव्या फ्रेमवर चढवणाऱ्यांची एक चूक मला फार खटकते. मोठ्या मोअरच्या मूळ फ्रेममध्ये बार खुंटाला अडला की सुटून मागे झुलावा अशी कडी असते. घरच्या वेल्डिंगमध्ये ती हमखास वगळली जाते, कारण घट्ट जोड मजबूत वाटतो. प्रत्यक्षात अशा जोडामुळे पहिल्याच लपलेल्या खुंटावर बार वाकतो, नाहीतर ट्रॅक्टरच झटक्याने फिरतो. ही कडी घडवणे जमत नसेल, तर त्याच मोअरची अख्खी जुनी फ्रेम भंगारातून शोधावी. तिच्यावरची पाती गंजून गेलेली असली तरी हरकत नाही, कडी आणि तिची स्प्रिंग शाबूत हवी.