धनादेशाची प्रतिमा धूसर का दिसते?

सॉल्ट लेकमध्ये घरमालकाला भाड्यापोटी दिलेला धनादेश घरमालकाच्या बँकेतच थांबतो. खातेदाराच्या पुण्याच्या बँकेपर्यंत पोहोचते ती केवळ त्याची प्रतिमा. काही बँका ती नेट बँकिंगवर दाखवितात. मात्र तीच धूसर दिसली, तर रक्कम वा तारीख पडताळणार कशी?

प्रतिमा आधी अंधूक उमटून हळूहळू स्पष्ट होत असेल, तर इंटरनेटचा वेग कमी आहे; थोडे थांबावे. ती अर्धवटच राहिली, तर पान पुन्हा उघडावे. त्यामुळे कधी लॉग-इन संपुष्टात येते. तो दोष नव्हे, सुरक्षेची व्यवस्था आहे.

थांबूनही धूसरपणा जात नसल्यास इंटरनेटला बोल लावू नये. २००८ साली दिल्लीत सुरू झालेल्या चेक ट्रंकेशन पद्धतीत धनादेशाची करड्या छटांतील प्रतिमा इंचाला १०० ठिपके या प्रमाणात घेतात. आठ इंची धनादेशाच्या वाट्याला जेमतेम ८०० ठिपके येतात! ती पडदाभर ताणली की अक्षरे पसरट होतात. अशा वेळी कंट्रोल व शून्य ही बटणे एकत्र दाबून ब्राउझरचा आकार १०० टक्क्यांवर आणावा. कृष्णधवल प्रतिमेत इंचाला २०० ठिपके असतात. ती उपलब्ध असल्यास अक्षरे तीवरच वाचावीत.

‘चित्र पाहण्यासाठी हे सॉफ्टवेअर घ्या’ अशी खिडकी उघडल्यास ती तत्काळ बंद करावी आणि आपल्या शाखेकडे प्रतिमेची छापील प्रत मागावी.