रहस्यपटाचा आरंभ

घरांतली सारी मंडळी मिळून चित्रपटास निघाली म्हणजे कोणाची चप्पल सांपडत नाहीं, कोणाची वेणी राहिलेली असते, आणि चित्रगृहांत शिरेपर्यंत पडदा उजळलेला असतो. कौटुंबिक बोलपट असेल तर त्यानें फारसें अडत नाहीं. शेजारच्यास दोन शब्द विचारले कीं कोण कोणाची सून तें कळून येतें. रहस्यपटाचें मात्र तसें नाहीं. त्याचीं पहिलीं पांच मिनिटें ज्यानें गमावलीं, त्यास पुढची कथा सगळी समजते, पण भय वाटावें तसें वाटत नाहीं. हें असें कां व्हावें?

रहस्य म्हणजे लपवालपवी, असा सर्वसाधारण समज आहे. आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकाचें मत याच्या अगदीं उलट होतें. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाशीं १९६२ सालीं झालेल्या दीर्घ संभाषणांत त्यानें तें एका साध्या दृष्टांतानें समजाविलें. दोन माणसें मेजाशीं बसून गप्पा मारीत आहेत व मेजाखालीं बाँब आहे. प्रेक्षकांस तो ठाऊक नसेल, तर स्फोट झाल्यावर ते पंधरा सेकंद दचकतील. ठाऊक असेल, तर त्याच नीरस गप्पा ते पंधरा मिनिटें श्वास रोधून ऐकतील. म्हणजे जीव टांगणीला लागतो तो अज्ञानानें नव्हे; पडद्यावरील माणसांहून आपणांस अधिक ठाऊक असतें आणि तें त्यांस सांगण्याचा उपाय नसतो, म्हणून.

ऑर्सन वेल्सच्या १९५८ सालच्या 'टच ऑफ ईव्हिल' या चित्रपटाचा आरंभ याच तत्त्वावर उभा आहे. दोन हात बाँबचें घड्याळ लावतात. बाँब एका मोटारीच्या डिकींत ठेवला जातो. एक पुरुष व एक स्त्री येऊन तींत बसतात, आणि मोटार मेक्सिकोच्या सरहद्दीवरील गांवांतून अमेरिकेकडे निघते. तीन मिनिटांहून अधिक काळ चित्र कोठेंही तुटत नाहीं. वाटेंत एक नवविवाहित जोडपें पायीं चाललें आहे. मोटार त्यांना गांठते, गर्दींत अडकते, पुन्हां शेजारीं येते; आणि दर वेळीं वाटतें, आतां! नाक्यावर मोटारींतील स्त्री डोक्यांत टिकटिक ऐकूं येत असल्याची तक्रार करते, पण तिजकडे कोणी लक्ष देत नाहीं. निर्मात्या संस्थेनें या दृश्यावर नामावळी व संगीत चढविलें होतें. वेल्सच्या जुन्या टिपणाच्या आधारें १९९८ सालीं जी प्रत सिद्ध झाली, तींत तीं दोन्ही काढून रस्त्यावरचेच आवाज ठेवले. मला तीच अधिक भीषण वाटते.

परंतु भयास बाँब लागतोच असें नाहीं. स्वयंपाकघरांतलें घड्याळही पुरतें. फ्रिट्झ लांग याचा 'एम्' हा पहिला बोलपट १९३१ सालीं बर्लिनमध्यें दाखविला गेला. लहान मुलांचा खून करणारा कोणी एक मनुष्य शहरांत हिंडत आहे. चौकांत मुलें रिंगण करून खेळतात, आणि त्यांचें गाणें त्या खुन्याविषयींचेंच आहे! वरच्या मजल्यावरून एक बाई रागें भरते. ती आंत वळते न वळते तोंच गाणें पुन्हां सुरू. घरांत एक कष्टाळू आई कपडे धूत आहे. घड्याळांत बारा वाजतात. ती हात पुसते, हंसते व मुलीचें ताट मांडूं लागते.

तिकडे शाळेंतून निघालेली एल्सी वाटेनें चेंडू उडवीत चालली आहे. ज्या खांबावर ती चेंडू आपटते, त्यावर खुन्यास पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचें बक्षीस जाहीर केलेलें आहे. त्या कागदावर एका पुरुषाची सावली पडते, आणि ती सावली गोड आवाजांत चेंडूची स्तुति करते. आंधळ्या फुगेवाल्याकडून तो मनुष्य तिला फुगा घेऊन देतो व शीळ घालतो. (वाचकांनीं हा चित्रपट पाहिल्यास ती शीळ लक्षांत ठेवावी, याहून अधिक सांगून मी त्यांचा रसभंग करीत नाहीं.)

जिन्यावर पावलें वाजतात, तीं दुसऱ्याच मुलांचीं. दार वाजतें, तो कादंबरीचे भाग विकणारा. आई हांक मारते, आणि त्या हांकेबरोबर आपणांस दिसतो रिकामा जिना, वाळत घातलेले कपडे, मेजावरचें न उष्टावलेलें ताट. मग गवतांतून घरंगळत येऊन थांबलेला चेंडू, आणि तारायंत्राच्या तारांत अडकलेला फुगा. खून असा दाखविलेलाच नाहीं. दिग्दर्शकानें तो केला असता तर एकच झाला असता. येथें प्रत्येक प्रेक्षकास तो आपल्या मनांत पाहावा लागतो. पहिल्याच दृश्यांत प्रेत व कर्कश वाद्यें आणणाऱ्यांस हें साधत नाहीं. प्रेत पाहून कुतूहल होतें, काळजी वाटत नाहीं. कारण जें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें.

आम्हीं हा चित्रपट घरींच पाहिला. सासूबाईंस जर्मन भाषेचें अक्षरही कळत नाहीं. ताटाचें दृश्य येतांच त्या उठल्या, गॅलरींत गेल्या आणि खालीं खेळत असलेल्या नातीला त्यांनीं वर बोलाविलें. ती कुरकुरत आली, तेव्हां तिला आपल्या शेजारीं बसवून घेऊन त्या म्हणाल्या, "आतां लावा पुढचें."